पायातला जोडा, दुसऱ्याचे नाव आणि आपले शील



गेल्या पौर्णिमेची गोष्ट. विहारात बुद्धवंदना झाली, पंचशील ग्रहण झाले आणि लोक आपापल्या चपला शोधत बाहेर पडू लागले. तेव्हा एक ताई माझ्यापाशी येऊन थांबल्या. तीन वर्षांपूर्वी अशोक विजयादशमीला या कुटुंबाने नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन धम्मदीक्षा घेतली आहे. नवरा रंगकाम करतो, ताई चार घरची धुणीभांडी करतात. घरात वृद्ध सासरे आहेत, मुलगी आठवीत आहे, मुलगा अकरावीला आहे. ताई म्हणाल्या, "गुरुजी, एक विचारते, हसू नका. आत्ता आपण सगळ्यांनी म्हटलं ना, न दिलेलं घेणार नाही. मग नकली कंपनीचा बूट विकत घेतला तर शील मोडतं का?"

मी हसलो नाही. पंचशील तोंडाने म्हणून घरी जाणारे पुष्कळ असतात. ते घरापर्यंत नेऊन बाजाराच्या पिशवीला लावून बघणारी ही माउली मला मोठी वाटली. मी म्हणालो, "ताई, याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. विचार करून सांगतो." ते उत्तर आज या पाक्षिकातून देतो आहे. हा प्रश्न त्या एका घराचा नाही. तो आपल्या पुष्कळ घरांतून आज चर्चिला जात आहे, कुठे उघड, कुठे रुसव्याफुगव्यातून.

प्रकरण असे आहे. मुलाला जॉर्डन नावाचा बूट हवा आहे. त्याच्या वर्गातल्या काही मुलांच्या पायात तो आहे. दुकानातला खरा जोड बारा-पंधरा हजारांच्या घरात जातो. बाजारात हुबेहूब तसाच दिसणारा, तीच खूण असलेला, तसल्याच खोक्यात घातलेला जोड बावीसशे रुपयांना मिळतो. त्याला 'फर्स्ट कॉपी' म्हणतात. मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत मांडववाल्याकडे बांबू वाहून पैसे जमवले आहेत. बापाचा एक पैसाही तो मागत नाही.

घरात चार तोंडे, चार मते. बाप म्हणतो, "बूट तो बूट. पाय झाकला म्हणजे झालं." आई म्हणते, "खोटं ते खोटं." आजोबा म्हणतात, "आम्हाला गावात पायतण हातात घेऊन चालावं लागलं. पोराला जे घालायचं ते घालू द्या." आणि मुलगा म्हणतो, "मी चोरी कुठं करतोय? रोख पैसे मोजतोय. त्या कंपनीला काय कमी पडणार आहे? आपल्यासारख्यांना घेता येऊ नये म्हणूनच तिनं एवढी किंमत ठेवलीय."

धम्मबंधूंनो, या चौघांपैकी एकही मूर्ख नाही. म्हणून प्रत्येकाचे म्हणणे नीट ऐकून घेऊन मग धम्माच्या कसोटीला लावू या.

जोडा ही आपल्याकरिता साधी वस्तू नव्हे

पहिला मान आजोबांच्या बोलण्याला देतो. ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या पायात जोडा होता त्यांना जोडा म्हणजे एक वस्तू वाटते. आपल्याला तसे वाटणार नाही. गावातल्या वाड्यांपुढून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या, चांगले धोतर नेसायचे नाही, नव्या लुगड्यावर कुणाची नजर पडू द्यायची नाही, या आठवणी आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आपण ऐकल्या आहेत. मेलेले ढोर ओढायचे आपण, कातडे कमावायचे आपल्याच बांधवांनी, जोडा शिवायचाही आपल्याच बांधवांनी, आणि तो पायात घालून गावातून मिरवायचा मात्र दुसऱ्यांनी, अशी ही व्यवस्था होती. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात इंदूरकडच्या बलाई समाजाची हकीकत नोंदवली आहे. १९२८ साली तिथल्या सवर्णांनी बलाई लोकांना हुकूम केला की, जरीकाठी पागोटे बांधू नका, रंगीत काठाचे धोतर नेसू नका, तुमच्या बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. म्हणजे आपल्या अंगावर काय असावे हे ठरवण्याचा अधिकारसुद्धा आपला नव्हता.

हे ध्यानात घेतले म्हणजे मुलाच्या मनातली ओढ ही निव्वळ उधळपट्टी आहे असे म्हणता येत नाही. चांगला बूट पायात असावा, कॉलेजच्या दारातून मान वर करून आत जावे, ही इच्छा पाप नव्हे. स्वतः बाबासाहेब सूट-बुटात राहत. गावोगावच्या त्यांच्या पुतळ्यांवर कोट आहे तो उगीच नाही. ज्याला हे जग उघडा ठेवू पाहत होते तो पूर्ण पोशाखात उभा राहिला, हीच एक क्रांती होती. तेव्हा आईबापांना माझे पहिले सांगणे हे की, बूट मागणाऱ्या मुलाला रागावू नका. "आपली पायरी ओळखून राहा" हे वाक्य तर बौद्धाच्या घरात कुणीही उच्चारू नये. पायऱ्या मोडण्यासाठीच आपण धर्म बदलला आहे.

पण आजोबांचे म्हणणे येथपर्यंतच मला मान्य आहे. त्यांना वहाणा हातात घ्यावी लागली, म्हणून नातवाने चांगला बूट घालावा हे खरे. त्यावरून नातवाने दुसऱ्याचे नाव पायात घालावे, असे मात्र निघत नाही.

महाडला बाबासाहेब काय बोलले?

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह परिषद भरली. मनुस्मृतीचे दहन त्याच वेळी झाले. त्या प्रसंगी जमलेल्या आपल्या माताभगिनींना बाबासाहेबांनी पोशाखाविषयी उपदेश केला. आपल्या बायकांची लुगडे नेसण्याची विशिष्ट तऱ्हा, गळ्यातल्या माळांची गर्दी, हातभर कथलाची आणि चांदीची कडी, ही सारी अस्पृश्यपणाची खूण होती. ती खूण टाकून द्या, वरच्या वर्गातल्या स्त्रिया नेसतात तसे लुगडे नेसा, असे त्यांनी सांगितले. दागिन्यांबद्दलही त्यांचे सांगणे स्पष्ट होते. घालायचाच तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका. आणि कपडा कसाही असो, तो स्वच्छ ठेवा.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, दुसऱ्यांसारखे लुगडे नेसा असे बाबासाहेबच सांगतात, मग ती नक्कल नव्हे काय? नाही. लुगडे नेसण्याची तऱ्हा ही कुणाच्या नावावर नोंदलेली नव्हती. ती कुणी कुणाकडून चोरू शकत नाही. ती माणसाची रीत होती, आणि आपण माणूस आहोत म्हणून ती आपलीही होती. त्या लुगड्यावर "हे अमक्याचे आहे" असा खोटा शिक्का नव्हता. दागिन्यांच्या बाबतीत तर त्यांनी साफच सांगितले. असेल तर अस्सल, नाहीतर मोकळा गळा. गळा मोकळा असण्यात लाज नाही. लाज आहे ती भार आणि दिखावा वाहण्यात. सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या बुटालाही लागू पडतो असे मला वाटते.

भगवंतांच्या काळचा चपलांचा प्रश्न

तुम्हाला नवल वाटेल, पण पादत्राणांचा प्रश्न खुद्द तथागतांपुढे आला होता. विनयपिटकाच्या महावग्गात चामड्याच्या वस्तूंविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे, चम्मक्खन्धक. त्यात सोण कोळिविस नावाच्या भिक्खूची कथा येते. हा मोठ्या श्रीमंत घरचा, अत्यंत सुकुमार मुलगा. भिक्खू झाल्यावर चंक्रमण करता करता त्याच्या तळपायांतून रक्त वाहू लागले. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेचा दृष्टांत देऊन सांगितले की, तार फार ताणू नये आणि फार सैलही सोडू नये. पुढे त्याला एका तळाच्या वहाणा वापरण्याची परवानगी दिली. सोण म्हणाला, "भगवान, एवढी संपत्ती सोडून आलेला मी आता वहाणांत अडकलो असे लोक म्हणतील. संघातल्या सगळ्यांना परवानगी मिळत असेल तर मी घालीन, एकट्याला नको." भगवंतांनी ती परवानगी सर्व संघाला दिली.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. धम्म पायातून रक्त काढायला सांगत नाही. पायाला संरक्षण हवे हे भगवंतांनी मान्य केले. आणि वहाण आली ती सर्वांसाठी आली, एकट्याला उंच दिसावे म्हणून आली नाही.

पण त्याच प्रकरणात पुढे काय येते पाहा. सहा जणांच्या एका टोळक्यातले भिक्खू निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांच्या, मेंढ्याच्या शिंगासारखी टोके काढलेल्या, नाना तऱ्हेच्या नक्षीच्या वहाणा घालून हिंडू लागले. लोक नावे ठेवू लागले. तेव्हा भगवंतांनी अशा वहाणांना मनाई केली. हा नियम भिक्खूंचा आहे, आपण गृहस्थ आहोत. आपल्या मुलांनी रंगीत बूट घालू नयेत असा त्याचा अर्थ मी काढीत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, पायासाठी वहाण आणि लोकांच्या डोळ्यांसाठी वहाण यांतला फरक अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखला गेला होता. तुमच्या मुलाला त्याने स्वतः विचारावे: मला बूट हवा आहे तो माझ्या पायासाठी, की दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी?

ही चोरी आहे काय?

आता मुलाच्या बोलण्याकडे येतो. तो म्हणतो, मी पैसे मोजतो, मग चोरी कसली? मुलाने बुटाचे रबर, कापड, शिलाई यांचे पैसे मोजले, हे खरे. ती वस्तू त्याने चोरली नाही. पण बाजूला साधा, बिनशिक्क्याचा जोड आठशे रुपयांना मिळत असता त्याने बावीसशे कशाचे दिले? ते त्या खुणेचे दिले, त्या नावाचे दिले. आणि ते नाव विकणाऱ्याचे नव्हतेच. ज्याचे होते त्याने ते दिलेले नाही. आपल्या शिलाचा शब्द फार अचूक आहे. तो नुसता 'चोरी' म्हणत नाही. तो म्हणतो 'अदिन्नादान', म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. न दिलेले नाव मधल्या माणसाकडून पैसे देऊन घेतले, म्हणून ते दिलेले होत नाही.

कायद्याचीही माहिती असावी म्हणून सांगतो. आपल्या देशात १९९९ चा ट्रेड मार्क कायदा आहे. खोटी खूण लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. स्वतःच्या वापरासाठी एक जोड घेणाऱ्याला हा कायदा पकडत नाही. पण कायदा पकडत नाही म्हणून शील सुटले असे होत नाही. कायदा बाहेरून येतो. शील आपण आपल्या तोंडाने घेतलेले असते.

मुलगा म्हणतो, कंपनी मोठी आहे आणि तीही काही साधुसंत नाही. त्याचे हे म्हणणे मी उडवून लावीत नाही. ज्या कंपनीचा हा बूट आहे तिच्या प्रमुखाने मे १९९८ मध्ये स्वतः जाहीरपणे कबूल केले की, तिच्या मालाचे नाव तुटपुंजी मजुरी आणि सक्तीचे जादा काम यांच्याशी जोडले गेले आहे. बुटाची किंमत आणि बूट शिवणाऱ्याच्या हातात पडणारी मजुरी यांत केवढे अंतर असते, हे मजुराच्या मुलाला कुणी शिकवायला नको. तेव्हा कंपनीवर राग असेल तर अवश्य असू द्या. पण ज्याच्यावर राग आहे त्याचीच खूण छातीशी धरण्यासारखी पायाशी बाळगायची, हा कसला राग? राग खरा असेल तर तो बूट खराही नको आणि खोटाही नको. आणि नकली बूट शिवणाऱ्या मजुराचे काय? खऱ्या कंपनीला निदान नाव आहे, पत्ता आहे. लोकांनी तिला जाब विचारला म्हणून तिला कबुली द्यावी लागली. नकली बुटावर शिवणाऱ्याचे नाव नाही, कारखान्याचा पत्ता नाही. तो कुणाच्या हातांनी, किती वयाच्या हातांनी, किती मजुरीवर शिवला हे विचारायला जायचे कुठे?

नावाची किंमत आपल्याइतकी कुणाला ठाऊक?

एक अलीकडची हकीकत सांगतो. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा नावाच्या बड्या कंपनीने आपल्या कोल्हापुरी चपलेसारख्या चपला प्रदर्शनात मांडल्या, आणि सुरुवातीला कोल्हापूरचे नावसुद्धा घेतले नाही. महाराष्ट्रात केवढा संताप झाला! कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून हा वारसा सांभाळतात, आणि तो सांभाळणारे हात मुख्यतः आपल्या चर्मकार बांधवांचे आहेत. ओरड झाल्यावर त्या कंपनीला मान्य करावे लागले की, ही प्रेरणा भारतातल्या कारागिरांची आहे.

त्या वेळी आपल्याला काय लागले? चामडे त्यांचे होते, शिलाई त्यांची होती, पैसा त्यांचा होता. पण पिढ्यान्पिढ्या विटाळ म्हणून दूर ठेवलेल्या हातांनी जे घडवले, ते त्या हातांचे नाव न घेता उचलले गेले, हे आपल्याला लागले. बरोबरच लागले. मग तोच न्याय दुसऱ्याच्या नावालाही लावला पाहिजे. आमचे नाव घेतले तर चोरी, आणि दुसऱ्याचे घेतले तर सवलत, असा दुटप्पी न्याय मनूच्या पुस्तकात शोभेल, धम्मात शोभणार नाही.

तुमच्या मुलाला तो बूट ज्या खेळाडूच्या नावामुळे प्रिय आहे तो मायकेल जॉर्डन हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय खेळाडू. १९८५ साली त्याच्या नावाचा बूट प्रथम विक्रीला आला. चीनमधली एक कंपनी त्याचे नाव चिनी अक्षरांत लिहून माल विकीत होती. २०१२ साली त्याने तिच्यावर दावा लावला. खालच्या कोर्टांत हरला, तरी थांबला नाही. २०१६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चिनी अक्षरांतल्या नावाबाबत त्याच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे ज्याचा फोटो आपल्या मुलाने भिंतीवर लावला आहे तो स्वतः आपल्या नावासाठी वर्षानुवर्षे झगडला. त्याच्याविषयी आदर असेल तर त्याचे नाव चोरट्या वाटेने आणून कसे चालेल?

आणि बंधूंनो, नावाची किंमत आपल्याला कुणी शिकवायची? कचरू, धोंड्या, दगडू अशी नावे आपल्या आज्या-पणज्यांच्या कपाळी आली. धम्म घेतल्यावर आपण मुलांची नावे राहुल, सिद्धार्थ, सुजाता, गौतम अशी ठेवली. लादलेले नाव टाकून स्वतःचे नाव घेणे हा आपल्या धर्मांतराचा गाभा आहे. ज्या समाजाने एवढे सोसून स्वतःचे नाव मिळवले, त्या समाजाच्या मुलाने उसन्या नावावर मोठे दिसावे, ही गोष्ट मला बरी वाटत नाही.

चौथे शील आणि माझा कबुलीजबाब

येथे मला स्वतःविषयी थोडे सांगितले पाहिजे, नाहीतर हा उपदेश कोरडा ठरेल. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मीसुद्धा असाच एक जोड घेतला होता. घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिला. बूट चांगला होता. तो फाटला नाही, पावसात त्याचा तळ सुटला नाही. दोन वर्षे टिकला. पण तिसऱ्याच दिवशी एकाने विचारले, "ओरिजिनल आहे का रे?" मी म्हणालो, "हो." त्याने विचारले, "कुठून घेतला?" मी म्हणालो, "मामा मुंबईला असतो, त्याने पाठवला." मला मुंबईला मामा नाही. पुढे कुणी घरी यायचे म्हटले की मी टाळू लागलो. बूट असा आणि घर असे, हे दोन्ही एकदम त्यांना कसे दाखवायचे? राहतो कुठे, तर वस्तीचे नाव सांगायचे सोडून जवळच्या चौकाचे नाव सांगू लागलो. आडनावही अर्धवट पुटपुटू लागलो.

बुटाने मला खोटे बोलायला लावले असे मी म्हणत नाही. खोटे बोलण्याची भीती माझ्या मनात आधीपासूनच होती, आणि म्हणूनच तो बूट मला हवासा वाटला होता. पण त्या बुटाने त्या भीतीला खायला घातले. ज्या पायांनी मान वर करून चालायचे म्हणून तो घेतला, त्या पायांकडे कुणी पाहू नये म्हणून मी बाकाखाली पाय ओढून बसू लागलो. बाबासाहेबांनी आपल्याला ओळख लपवायला शिकवले काय? लाखोंच्या साक्षीने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी दीक्षा घेतली आणि आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. चोरी करणार नाही, खोटे बोलणार नाही, या त्यांतल्याच आहेत. त्या प्रतिज्ञा घेणारे लोक खाली मान घालून परतले नाहीत.

मग कर्ज काढून खरा घ्यावा काय?

कुणी म्हणेल, खोटा नको तर हप्त्याने खरा घेऊन देतो. थांबा. अनाथपिंडिक गृहपतीला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. बाबासाहेबांनीही 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा उपदेश घेतला आहे. न्यायाने मिळवलेले धन असणे हे पहिले सुख. त्याचा उपभोग आणि त्यातून सत्कृत्य हे दुसरे. कुणाचे ऋण नसणे हे तिसरे. आणि काया, वाचा, मनाने निर्दोष असणे हे चौथे. पहिली तीन सुखे चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही होत नाहीत, असे तथागत सांगतात.

या चार सुखांची कसोटी लावून पाहा. मुलाने घाम गाळून पैसे मिळवले, पहिले सुख त्याला मिळाले आहे. त्यातून तो स्वतःसाठी बूट घेतो, दुसऱ्या सुखावर त्याचा हक्क आहे. भगवंतांनी दारिद्र्याचे गोडवे कधी गायले नाहीत. पण बारा हजारांचा बूट हप्त्याने घेतला तर तिसरे सुख जाते, आणि बावीसशेचा नकली घेतला तर चौथे जाते. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगाला, दोन भाग उद्योगधंद्याला आणि एक भाग अडचणीच्या दिवसासाठी. मुलाच्या पैशाचा एक भाग बुटाला जाऊ द्या. तेवढ्यात जो प्रामाणिक बूट येईल तो घ्या. ज्या कारखान्याने बनवला त्याचेच नाव त्यावर असलेले साधे, टिकाऊ बूट आपल्या बाजारात पुष्कळ आहेत. उरलेले पैसे पुस्तकांना, क्लासच्या फीला, बहिणीच्या सायकलीला उपयोगी पडतील.

राहुलाचा आरसा

शेवटी निर्णय कसा करावा? भगवंतांनी आपल्या मुलाला, कोवळ्या वयाच्या राहुलाला, खोटे न बोलण्याविषयी जो उपदेश केला तो इतका महत्त्वाचा की, सम्राट अशोकाने भाब्रूच्या शिलालेखात ज्या निवडक उपदेशांची नावे कोरून ठेवली त्यांत तो आहे. भगवंतांनी राहुलाला विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तसेच प्रत्येक कर्म पाहून करावे, असे त्यांनी सांगितले. करण्यापूर्वी पाहावे, करताना पाहावे, केल्यावर पाहावे. यातून मला किंवा दुसऱ्याला पीडा होते काय, हे प्रत्येक वेळी विचारावे.

तोच आरसा मुलाच्या हाती द्या. घेण्यापूर्वी त्याने विचारावे, "ओरिजिनल आहे का?" असे कुणी विचारले तर मी चटकन आणि खरे उत्तर देऊ शकेन काय? घालताना विचारावे, मी मोकळेपणाने चालतो आहे की पाय लपवतो आहे? आणि ज्यांनी आधीच घेतला आहे त्यांनी तो जाळू नये, फेकू नये आणि आईबापांनी त्यावरून मुलाला टोचू नये. फाटेपर्यंत वापरावा. मात्र विचारले तर सरळ सांगावे, "नकली आहे. पुन्हा घेणार नाही." एवढे सांगता आले तर गेलेले शील तेथेच परत उभे राहते.

रस्त्यावर असा माल विकणारी पुष्कळ मुले आपल्याच वस्त्यांतली आहेत. त्यांना चोर म्हणून हिणवू नका. पोट कुणालाही नाना वाटांनी नेते. पण सम्यक आजीव हे अष्टांग मार्गातले अंग आहे, आणि उद्या धाड पडली तर कैद त्यांनाच आहे. त्यांना दुसरा धंदा उभा करून देण्याचे काम विहारांच्या समित्यांनी अंगावर घ्यावे. आणि आपण मोठ्यांनीही लग्नात, जयंतीच्या मिरवणुकीत कोणाच्या पायात काय आहे यावरून माणूस मोजणे बंद करावे. मुले ते आपल्याकडूनच शिकतात.

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे: होय, शील मोडते. दुसरे थोडे मोडते आणि चौथे पुष्कळ मोडते. पण हे मी सांगतो म्हणून मानू नका, आणि मुलावर लादू तर मुळीच नका. तथागतांनी कालामांना सांगितले तेच खरे. ऐकलेले म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नये, स्वतः पारखून घ्यावे. हा अंक मुलाला वाचायला द्या. पैसे त्याचे आहेत, पाय त्याचे आहेत, आणि शीलही त्याने स्वतःच घेतले आहे. आजोबांना माझा जयभीम सांगा. म्हणावे, तुमचा नातू पायात जोडा घालूनच जाईल. फक्त त्यावर कुणाचे नाव असावे, एवढेच ठरायचे राहिले आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!